त्रिपुर लागायच्या आधी

"मग हिनं पाहिलेलं ऊन खोटं?"

स्वामींनी विचारलं ते एवढंच. आवाज चढला नाही की उतरला नाही.

अच्युत हसला. "खोटं कसं म्हणू, स्वामी? काकूंना तसं वाटलं असेल. बाळंतिणीला त्या घटकेला काय काय वाटत असतं. पण कुंडली वाटण्यावर मांडता येत नाही. ती वेळेवर मांडावी लागते."

ओट्याच्या कडेला बसलेल्या घैसासकाकूंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. 

कृष्णाकाठच्या त्या मठाच्या अंगणात त्या दिवशी ही तिघंच होती. चैत्रातलं ऊन तापलं होतं.

धुंडिस्वामी थकले होते, पण गणितात त्यांचा हात धरणारा आसपासच्या चार तालुक्यांत कोणी नव्हता. कुणाच्या पंचांगात ग्रहण चुकलं, की लोक इथं येत.

अच्युत त्यांचाच. आईबाप गेलेलं पोर म्हणून सहाव्या वर्षी मठात आला, इथंच वाढला, आकडेमोड इथंच शिकला. मग काशीला जाऊन आला आणि तालुक्याच्या गावी दारावर पाटी लावून बसला. आता त्याला सगळे अच्युतशास्त्री म्हणत. शास्त्रीबुवांनी जमत नाही म्हटलं, की ते स्थळ तिथंच संपे. पुन्हा कोणी तोंड उघडत नसे.

हे त्याला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

काकूंच्या लेकीचं, कुमुदचंही तसंच झालं होतं. साताऱ्याच्या एका शाळामास्तरनं तिला पाहिलं, पसंत केलं, जाताना दारात वळून पुन्हा एकदा पाहिलं. मग पत्रिका अच्युतकडे आली. पहिल्या घरात मंगळ. कडक. मुलाकडच्यांनी नारळ परत पाठवला.

पुढं तीन वर्षांत सात-आठ स्थळं आली आणि गेली. आता एक बिजवर तयार झाला होता. वय चाळिशीच्या पुढं, पदरात दोन मुलं, आणि त्याच्याही पत्रिकेत मंगळ. मंगळाला मंगळ जुळला म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ती वीस वर्षांची पोर मात्र तेव्हापासून घरात वावरत होती ती पाहुण्यासारखी. खायची, झोपायची, विचारलं तर उत्तर द्यायची.

साखरपुड्याच्या आधी उद्या तिचा कुंभविवाह होता. मंगळाच्या मुलीचं लग्न आधी मातीच्या घटाशी लावतात. मंगळाचा कोप घटावर जातो, घट नदीत सोडतात, आणि मुलगी खऱ्या लग्नाला मोकळी होते. विधी अच्युतच करणार होता.

आणि ऐन वेळी काकू अडून बसल्या. जन्मात कधी नवऱ्यासमोर मोठ्यानं न बोललेली बाई म्हणाली, "स्वामींनी हो म्हटलं तरच मी लेकीला घटाजवळ बसवीन."

"चला," अच्युत म्हणाला होता. "स्वामींकडेच चला."

त्याला खात्री होती. म्हणूनच सकाळच्या एस.टी.नं तो त्यांना घेऊन आला होता.

"माई," स्वामी काकूंकडे वळले. "तू सांग."

काकू खालीच बघत होत्या. "काय सांगू? त्रिपुरी पौर्णिमा होती. ह्यांची बदली तेव्हा एका आडस्टेशनावर होती. मागं दोन खोल्यांचं क्वार्टर. खिडकी मावळतीकडे. सुईणीनं पोर वर उचलली आणि तिच्या तोंडावर ऊन पडलं. तिनं डोळे गच्च मिटले. मी म्हटलं, अगो, झाक तिला..."

त्या थांबल्या.

"समोर टेकडीवर देऊळ होतं. त्याची दीपमाळ मला पडल्यापडल्या दिसायची. तिच्यावर त्रिपुर लागायचा होता अजून. एकसुद्धा पणती नव्हती. नंतर लागला. पोरीला दुधाला घेतलं तेव्हा सगळी माळ पेटलेली होती."

"म्हणजे सूर्य असताना जन्मली."

"हो."

"अच्युता, तू काय म्हणतोस?"

"मी कोण म्हणणारा, स्वामी? घड्याळ म्हणतं. मुलीचे वडील स्टेशनमास्तर. बाळाचं रडणं कानावर आलं आणि त्यांनी फलाटावरच्या घड्याळात पाहिलं. साडेसहा. मी त्यांना तीनदा विचारलं, तिन्ही वेळा साडेसहाच." अच्युतनं बोट वर केलं. "लोक जन्मवेळ सांगतात कशी? गुरं घरी यायच्या सुमाराला. भाकरी तव्यावर होती तेव्हा. इतक्या वर्षांत मला धड वेळ मिळालेली ही एकच पत्रिका. घड्याळ रेल्वेचं! त्याच्यावर गाड्या चालतात. कार्तिकात साडेसहाला आपल्याकडे अंधार पडलेला असतो. ऊन कुठलं?"

"हं."

स्वामींनी पत्रिकेची गुंडाळी हातात घेतली, उलगडली नाही, बाजूला ठेवली. वाऱ्यानं जाऊ नये म्हणून तिच्यावर एक गोटा ठेवला.

मग म्हणाले, "आत्ता किती वाजले?"

अच्युतनं मनगट पुढं केलं. घड्याळ नवं होतं. चामड्याचा पट्टाही नवा. "बरोबर बारा. सकाळीच रेडिओवर लावलंय."

"म्हणजे माध्यान्ह झाली. पूजेला उठू?"

अंगणाच्या मधोमध दगडी चौथऱ्यावर शंकू होता. शंकू म्हणजे हातभर लांबीचा सरळ उभा लाकडी दांडा. त्याची सावली सगळ्यात आखूड झाली की मठात माध्यान्ह. मठात घड्याळ नव्हतंच. एका भक्तानं एकदा भिंतीवरचं मोठं घड्याळ आणून दिलं होतं, ते स्वामींनी गावच्या शाळेला देऊन टाकलं. मठाचा दिवस सावलीवर चाले आणि रात्र ताऱ्यांवर.

सावली अजून पश्चिमेकडे कललेली होती.

अच्युतला गंमत वाटली. स्वामी आपली परीक्षा घेताहेत, लहानपणी घेत तशी. त्यालाही ती हवीच होती. काकूंनी ऐकलं तर बरंच.

"अजून अर्धा तास आहे, स्वामी. माझं घड्याळही बरोबर आहे आणि आपली सावलीही."

"दोन्ही बरोबर? ते कसं?"

"पृथ्वी फिरते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. दिवसाला एक फेरा. जे गाव पूर्वेला, ते सूर्यासमोर आधी येतं. त्याची सकाळ आधी, माध्यान्ह आधी, रात्रही आधी. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो." तो रंगात आला. "आता प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चाललं तर आगगाडी चालायची कशी? पुण्याची वेळ वेगळी, नागपूरची वेगळी. म्हणून सगळ्या देशानं एक रेषा धरली. ती जाते प्रयागच्या थोडी पलीकडून. तिथं माध्यान्ह झाली की देशभर बारा वाजले. आपण त्या रेषेच्या पश्चिमेला आठ अंश. तिच्या समोरचा सूर्य आपल्या डोक्यावर यायला अर्धा तास लागतो. इंग्रजांची रेषा त्यांच्या देशात, फार पश्चिमेला. ते आत्ता अंथरुणातून उठत असतील."

"ती रेषा," स्वामी म्हणाले, "गंगेवर दिसते का रे? तू काशीला होतास."

"दिसेल कशी? ती मानलेली आहे."

"कोणी मानली?"

"माणसांनी. सरकारनं."

"आणि पृथ्वीचं फिरणं?"

"ते मानलेलं नाही. ते आहेच. सरकार असो नसो."

"चुकतं कधी?"

"कधीच नाही."

स्वामींनी मान डोलावली. त्यांना ते उत्तर आवडलं असावं. अच्युतनं काकूंकडे पाहिलं. काकू शंकूच्या सावलीकडे बघत होत्या. काही कळलं की नाही, चेहऱ्यावरून समजत नव्हतं.

"ह्या पत्रिकेत ते सगळं धरलंस?"

"धरलं ना! हे तर भले भले विसरतात. घड्याळाची वेळ जशीच्या तशी घेतात आणि लग्न, म्हणजे त्या घटकेला पूर्वेला उगवणारी रास, चुकवतात. मी साडेसहातून आधी रेषेचं अंतर वजा केलं. मग त्या दिवसाचा सूर्य घेतला, मग लग्न काढलं. वृषभ लग्न, म्हणून पहिलं घर वृषभेचं, आणि त्यातच मंगळ. पुन्हा पुन्हा ताडून पाहिलंय, स्वामी. काडीची चूक नाही."

"फिरणं धरलंस."

"हो."

"रेषा धरलीस."

"हो."

"आणि माणसं?"

अच्युतला प्रश्न कळला नाही. "माणसं... कसली माणसं?"

स्वामींनी हात पुढं केला. "घड्याळ दे."

अच्युतनं पट्टा सोडून घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. म्हाताऱ्यानं ते डोळ्यांजवळ नेलं, किल्ली नखानं ओढली आणि काटे फिरवायला सुरुवात केली. सावकाश. मोठा काटा एक पूर्ण वेढा घालून आला.

"स्वामी! अहो, हे काय..."

"आता किती वाजले?"

"एक वाजून गेला. पण तो आपण वाजवलात."

"सावली बघ."

अच्युतनं पाहिली. सावली होती तिथंच होती.

"हललेली नाही."

"हलली नाही ना?" स्वामींनी काटे पुन्हा मागं घेतले, किल्ली दाबली आणि घड्याळ त्याला परत दिलं. "पोर जन्मली ते साल कुठलं?"

"त्रेचाळीस."

"तेव्हा काय चाललं होतं?"

"लढाई चालली होती..." अच्युत म्हणाला. अजून त्याला काही उमगलेलं नव्हतं. पण स्वामी उगाच कोणाच्या वस्तूला हात लावत नाहीत, एवढं त्याला माहीत होतं.

उमगलं ते काकूंना. त्यांनी एकदम तोंडावर हात नेला.

"अगो बाई! नवा टाइम..."

"बोल, माई."

"लढाईत टाइम बदलला होता! सरकारचा हुकूम आला म्हणून. सगळी घड्याळं एक तास पुढं. दिवसाउजेडी जास्त काम व्हावं म्हणे. हे पहाटे काळोखात ड्यूटीवर जायला लागले. मी कुरकुरायची, की कालपर्यंत उजाडल्यावर जात होतात, आज असं काय झालं? बाजारात कोणी वेळ सांगितली की बायका विचारायच्या, नवा टाइम का जुना? लढाई संपली आणि ते गेलं. कुणाच्या ध्यानात राहणार ते..."

त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"ह्यांच्याही ध्यानात नाही राहिलं. साडेसहा म्हणजे साडेसहा, एवढंच हे सांगत आले."

अच्युत उभा होता तो खाली बसला.

लढाईच्या सगळ्या वर्षांत तो ह्याच अंगणात होता. पोरगा होता, सावली मोजत होता. सरकारनं देशभरची घड्याळं पुढं केली तेव्हा मठात पुढं करायला घड्याळच नव्हतं. तो काशीला गेला आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ आलं, ते लढाई संपल्यावर. तो हुकूम त्याच्या कानावर कधी आलाच नाही. पुढं कोणी सांगितलं नाही, आणि त्यानं कधी कोणाला काही विचारलं नाही. विचारायची सवय केव्हाच सुटली होती.

गणित डोक्यात आपोआप सुरू झालं. थांबवावं म्हटलं तरी थांबेना.

साडेसहातून एक तास गेला. साडेपाच. त्यातून रेषेचा अर्धा तास. पाच. कार्तिकातला सूर्य इतक्या लवकर मावळत नाही. तो मावळतीच्या खिडकीतून आत येतो आणि नुकत्या जन्मलेल्या पोरीच्या डोळ्यांवर पडतो.

लग्न वृषभेचं नव्हतं. मेषेचं होतं.

मंगळ आपल्या जागी होता, वृषभेतच. पण आता ते पहिलं घर राहिलं नव्हतं, दुसरं झालं होतं. आणि दुसऱ्या घरातल्या मंगळाला त्यांच्याकडे कोणी दोष मानत नाही.

म्हणजे कुमुदला मंगळ नव्हताच. कधीच नव्हता.

"काकू..." अच्युत म्हणाला. 

काकू रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी तुमच्या ओसरीवर येऊन सांगितलं होतं, शास्त्रीबुवा," त्या म्हणाल्या. "ऊन होतं म्हणून सांगितलं होतं. तुम्ही ह्यांच्याकडे बघून हसलात. म्हणालात, मास्तर, बायकांचं असंच असतं. हे पण हसले. मग मलाच वाटायला लागलं की माझंच काही चुकत असेल. तीन वर्षं मी माझ्या मनातलं ऊन पुसत होते..."

अच्युतनं मान खाली घातली. त्याला खरोखर लाज वाटली. 

"तो साताऱ्याचा मुलगा," काकू म्हणाल्या, "गेल्या माघात त्याचं लग्न झालं."



नदीवर कोणीतरी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज येत होता. तो थांबला.

अच्युतनं स्वतःला सावरलं. माणूस हुशार होता, आणि हुशार माणसाला वाट लवकर सापडते.

"काकू, उद्याचा विधी नाही. घट नाही, बिजवर नाही, काही नाही. मी आत्ता, इथं बसून नवी पत्रिका मांडतो. तुम्ही ती घेऊन जा. घरी मास्तरांना सांगा..." तो क्षणभर अडखळला. "सांगा, की शास्त्रीबुवांनी मंगळाला अपवाद शोधून काढला. असे अपवाद असतात. गुरूची दृष्टी असली की मंगळ सौम्य होतो. स्वामींच्या आशीर्वादानं दोष गेला म्हणा. कोणी विचारणार नाही. मुलीचं कल्याण होईल. मी स्वतः तिच्यासाठी चांगलं स्थळ बघीन, खर्च माझा. घड्याळाची ही गोष्ट आपल्या तिघांतच राहू दे."

म्हणताना त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. गोल, भरीव. ऐकणाऱ्याला धीर देणारा.

त्यानं स्वामींकडे पाहिलं. स्वामी शंकूकडे बघत होते.

"काकू, चालेल ना?"

काकूंनी गोट्याखालच्या पत्रिकेकडे पाहिलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "मला काय, माझी पोर सुटली. मी आई आहे. तुम्ही म्हणाल ते सांगीन."

अच्युतनं श्वास सोडला.

"पण आमच्या आळीत नाईकांची मंदा आहे," काकू तशाच सावकाश बोलत राहिल्या. "कुमुदच्या पुढंमागं झालेली. तिचीही पत्रिका तुम्हीच मांडलीत. तिला काय सांगितलंत ते मला ठाऊक नाही. पण ती घरात बसलीय. तिची आई हल्ली माझ्याकडे येत नाही, मी तिच्याकडे जात नाही. काय बोलायचं दोघींनी?"



"लढाईत," स्वामी म्हणाले, "एकच मूल जन्मलं का रे?"



लढाईतली मुलं. ती सगळी आता लग्नाची झाली होती. गेली तीन-चार वर्षं अच्युतच्या ओसरीवर जी गर्दी होती, ती त्यांचीच. त्याच गर्दीवर त्याचं नाव झालं होतं. कोणाला मंगळ लावला, कोणाचा काढला. कोणाला म्हटलं, विद्या नाही हिच्या नशिबात, शाळा सोडवा. एका बापाला म्हटलं होतं की हा मुलगा घराला तारक नाही, ह्याला मामाकडे ठेवा. त्या मुलाचा चेहराही त्याला आठवेना. ज्यांच्याकडे घड्याळ होतं, ज्यांनी नीट वेळ पाहून ठेवली होती, त्या सगळ्यांच्या पत्रिकांत तो तास होता. भाकरी तव्यावर होती म्हणणारे तेवढे वाचले होते.

सगळ्यांना तो लागलाच असेल असं नाही. तासानं काहींचं काहीच बदललं नसेल. पण कोणाचं बदललं आणि कोणाचं नाही, हे प्रत्येकाच्या दारात जाऊन पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

"स्वामी..." त्याचा आवाज फुटला. "मला ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम काही केलं नाही. आपणच मला इथं वाढवलंत. ह्या अंगणात घड्याळ असतं तर..."

"खरं आहे," स्वामी म्हणाले. "ते माझ्याकडे लागलं. मी तुला सूर्य दाखवला. बाहेर माणसं काय करतात ते दाखवायचं राहून गेलं."

त्यांनी हे इतकं सहज मान्य केलं, की अच्युतच्या हातातली ती काठीही गेली. आता टेकायला काही उरलं नाही.

चौथऱ्यावरची सावली दांड्याच्या मुळाशी येऊन थांबल्यासारखी वाटत होती. माध्यान्ह झाली होती. स्वामी गुडघ्यावर हात ठेवून उठले. काकूंनी पुढं होऊन त्यांना हात दिला.

"एस.टी. आहे का आत्ता परतीची?" स्वामींनी विचारलं.

"आहे," काकू म्हणाल्या. "फाट्यावर जाऊन उभं राहायला हवं."

"मग नीघ, माई. पोर वाट बघत असेल."

काकूंनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. गोट्याखालची पत्रिका उचलावी की नाही, असं त्यांना क्षणभर झालं. त्यांनी ती तिथंच राहू दिली. पदर डोक्यावर घेतला आणि फाटकाकडे निघाल्या. फाटकाशी जाऊन त्या थांबल्या. मागं वळून त्यांनी अच्युतकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो येतो की नाही, एवढंच त्या पाहत होत्या.

अच्युत जागचा हलला नाही.

"जाईन मी, स्वामी," तो म्हणाला. "काकूंच्या घरी जाईन. मास्तरांचे पाय धरीन. तेवढं मला जमेल. पण बाकीच्या घरी... ज्या दारात मी आलो की माणसं उठून उभी राहतात, त्या दारात जाऊन म्हणू, की मी चुकलो? तुमच्या लेकीचं मोडलं ते माझ्यामुळं मोडलं? लोक पाटी काढून फेकतील. माझ्यामागं बायको आहे, मुलं आहेत. आणि ते जाऊ द्या. मला तोंडच उघडवणार नाही. इतकी वर्षं लोक मला ज्या जागी बघत आलेत... तिथून मागं यायचं तरी कसं?"

स्वामी देवघराच्या पायरीवर थांबले. पाठमोरेच होते. 

"लढाई संपली, आणि देशातली सगळी घड्याळं एका रात्रीत मागं आली, अच्युता... तेवढा तू राहिलास."